पुण्याचे पार्सल, इंदूरचे पार्सल

मनमाडच्या दुकानदाराने ई-कॉमर्स कंपनीमार्फत पुण्याला साडी विकली आणि त्याची वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असली, तर त्याला जीएसटी नंबर लागत नाही. पॅनच्या आधारे पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घेतला की भागते. ही सवलतही 1 ऑक्टोबर 2023 पासूनची. तीच साडी परराज्यात, इंदूरला पाठवायची, तर पहिल्या नगापासून नोंदणी सक्तीची. इंदूर-मनमाड रेल्वेमार्गाला 2024 मध्ये मंजुरी मिळाली. पण या दुकानदाराला मध्य प्रदेशची बाजारपेठ करकायद्यामुळे लांबच राहते. कारण एकदा नंबर घेतला की गल्ल्यावरच्या गावातल्या विक्रीवरही कर भरावा लागतो. परराज्यात माल विकणाऱ्याला छोट्या व्यापाऱ्यांसाठीची, उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरण्याची कंपोझिशन योजना बंद. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचे, उशीर झाला तर दिवसाला 20 रुपये विलंब शुल्क. महिन्याला चार साड्या इंदूरला पाठवणाऱ्याला हे परवडणारे नाही.

यावर आक्षेप असा, की जीएसटी माल वापरणाऱ्या राज्याचा. सूट दिली तर मध्य प्रदेशचे उत्पन्न बुडेल. पण छोट्या विक्रेत्याचा कर सोडायचा हे तत्त्व राज्यांतर्गत विक्रीसाठी सगळ्याच राज्यांनी मान्य केले आहे, तेही प्रत्येकाने स्वतःचे उत्पन्न सोडून. दुसरी भीती करचुकवेगिरीची. ती रोख व्यवहारात रास्त आहे. इथे मात्र नंबर नसलेल्या विक्रेत्याची विक्रीसुद्धा कंपनीला दरमहा जीएसटीआर-8 या विवरणपत्रात दाखवावी लागते. शिवाय सेवांना ही मोकळीक 2017 पासूनच आहे. मनमाडात बसून इंदूरच्या दुकानाची जाहिरात बनवून देणाऱ्याला 20 लाखांपर्यंत नोंदणी लागत नाही. मग साडी विकणाऱ्यालाच का लागावी? अमेरिकेत राज्याबाहेरच्या विक्रेत्यांकडून कर घेण्याबाबतच्या 2018 च्या वेफेअर खटल्यात ज्या साउथ डकोटाच्या कायद्यावर निकाल लागला, त्यातही त्या राज्यात वर्षाला एक लाख डॉलरपर्यंतची विक्री आणि दोनशेपेक्षा कमी व्यवहार असणारे बाहेरचे विक्रेते वगळलेले होते.

जीएसटी परिषदेने ई-कॉमर्समधून परराज्यात जाणाऱ्या मालालाही निदान सेवांइतकी, 20 लाखांची सूट द्यावी. तोवर विक्रेत्यांनी परराज्यातली पहिली ऑर्डर घेण्याआधीच नोंदणी करून घ्यावी.