रस्त्यावरचें मीठ आणि मोटारीचा गंज

उन्हाळ्याच्या सुटींत घरीं आइस्क्रीम करण्याचा ज्यांना अनुभव आहे, त्यांच्या ध्यानांत दोन गोष्टी सहज राहिल्या असतील. लांकडी बादलींत बर्फ भरावयाचा आणि त्यावर जाडें मीठ टाकावयाचें. मीठ पडतांच बर्फ वितळूं लागतो. पण त्याचें जें पाणी होतें तें बर्फाहूनहि थंड असतें आणि त्या थंडाव्यानेंच आंतल्या डब्यांतील दूध गोठतें. ही पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट सुटी संपल्यावर दिसते. बादली न धुतां तशीच कोंपऱ्यांत ठेवली असेल, तर पुढच्या वर्षीं तिच्या लोखंडी पट्ट्या तांबूस झालेल्या असतात आणि बोट लावतांच त्यांचे पापुद्रे निघतात. जें मीठ बर्फाला वितळवितें तेंच लोखंडाला खातें. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोप येथील मोटारींची सारी कहाणी या एका बादलींत सांठविलेली आहे.

कॅनडा, अमेरिकेचीं उत्तरेकडील संस्थानें, ब्रिटन, जर्मनी, स्वीडन अशा देशांत हिवाळ्यांत रस्त्यांवर हिम पडून त्याचा कांचेसारखा गुळगुळीत थर बनतो. अशा रस्त्यावर चाकें घसरतात, ब्रेक लावूनहि गाडी थांबत नाहीं आणि आजाऱ्याला इस्पितळांत नेणारी गाडीहि वाटेंत अडकून पडते. यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे मीठ. शुद्ध पाणी शून्य अंशावर गोठतें. परंतु त्यांत शेंकडा २३ च्या सुमारास मीठ मिसळलें, तर तें उणें २१ अंशांपर्यंत पातळ राहूं शकतें. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र इतका लाभ पदरांत पडत नाहीं. थंडी उणें १० अंशांच्या खालीं गेली कीं साध्या मिठाचें काम मंदावतें आणि मग कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड या क्षारांची मदत घ्यावी लागते.

अमेरिकेंत न्यू हॅम्पशायर संस्थानानें १९३८ सालीं रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रयोग केला. १९४१-४२ च्या हिवाळ्यांत साऱ्या देशांतील महामार्गांवर मिळून सुमारें ५,००० टन मीठ पडलें. महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, रस्ते बारा महिने मोकळे हवेत अशी लोकांची मागणी झाली आणि आज त्या एका देशांत वर्षाकाठीं अंदाजें २ कोटि टन मीठ रस्त्यांवर ओतलें जातें. हें मीठ बहुतेक खाणींतलें, म्हणजे आपण ज्याला सैंधव म्हणतों त्या जातीचें असतें. मोटारींचें माहेरघर जें डेट्रॉइट शहर, त्याच्या रस्त्यांखालीं हजार फुटांहून अधिक खोलीवर मिठाची खाण आहे; आणि कॅनडांतील गॉडरिच गांवची खाण तर ह्यूरन सरोवराच्या तळाखालीं पसरलेली आहे. मोटार आणि तिचा शत्रु एकाच गांवीं जन्मास यावे, हा योगायोग विलक्षणच म्हटला पाहिजे.

आतां हा शत्रु काम कसें करतो तें पाहूं. लोखंड पृथ्वीच्या पोटांत शुद्ध रूपानें क्वचितच सांपडतें. तें बहुधा प्राणवायूशीं संयोग पावलेल्या मातकट दगडांच्या रूपांत असतें आणि भट्टींत मोठी उष्णता खर्च करून त्यापासून प्राणवायु दूर करावा लागतो. संधि मिळतांच लोखंड पुन्हां प्राणवायूशीं जाऊन मिळतें, हाच गंज. पण त्याला पाण्याची मध्यस्थी लागते. ओल्या पत्र्यावर एक लहानसा विद्युत्घटच तयार होतो. एका जागीं लोखंडाचे कण आपले विद्युत्कण मागें ठेवून पाण्यांत उतरतात. ते विद्युत्कण धातूंतून दुसऱ्या जागीं जातात आणि तेथें पाण्यांत विरलेला प्राणवायु त्यांचें ग्रहण करतो. हें चक्र पुरें व्हावयाचें तर पाण्यांतूनहि वीज वाहिली पाहिजे. शुद्ध पाणी विजेला फारशी वाट देत नाहीं. खारें पाणी मोकळी वाट देतें. शिवाय लोखंडाच्या पृष्ठभागावर जो सूक्ष्म संरक्षक थर असतो, त्यालाहि मिठांतील क्लोराइडचे कण भेदतात.

मिठाचे आणखी दोन दुर्गुण ध्यानांत ठेवण्याजोगे आहेत. एक म्हणजे मीठ या क्रियेंत खर्च होऊन जात नाहीं. एकदां पत्र्याच्या सांध्यांत शिरलेलें मीठ धुऊन काढीपर्यंत आपलें काम करीत राहतें. दुसरा दुर्गुण असा कीं मीठ हवेंतील ओल ओढून घेतें. पावसाळ्यांत स्वयंपाकघरांतल्या मिठाला पाणी सुटतें, तोच हा प्रकार. हवेंतील आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं साधें मीठ पाझरूं लागतें. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार तर शेंकडा ३० ते ३५ आर्द्रतेंतहि ओले राहतात. त्यामुळें गाडी वरून कोरडी दिसली तरी तिच्या पोटाखालीं खारट ओल कायम असते. मुंबई आणि कोंकणपट्टी येथील खाऱ्या वाऱ्यांत खिडक्यांचे गज कसे झिजतात हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या ओलीचा पराक्रम निराळा सांगावयास नको.

ॲल्युमिनियमवरहि प्राणवायूचा थर चढतो. पण तो घट्ट बसून आंतल्या धातूचें रक्षण करतो. लोखंडाचा गंज तसा नाहीं. तो सच्छिद्र असतो आणि मूळ लोखंडापेक्षां कितीतरी अधिक जागा व्यापतो. रंगाच्या एखाद्या टवक्यांतून आंत शिरलेला गंज फुगतो, भोंवतालचा रंग उचलतो आणि नव्या लोखंडाला उघडें पाडतो. बाहेर पैशाएवढा फोड दिसतो तेव्हां आंत बहुधा तळहाताएवढी जागा पोखरलेली असते.

म्हणूनच गंज हा केवळ रूपाचा प्रश्न नव्हे. त्याचें खरें भय दिसणाऱ्या पत्र्यापेक्षां न दिसणाऱ्या भागांत आहे. चाकांच्या कमानी, दारांखालचे पोकळ पाट, तळाचा सांगाडा आणि विशेषतः ब्रेकच्या नळ्या येथें मिठाचा चिखल साचतो. ब्रेकच्या नळ्या पोलादाच्या, जेमतेम बोरूएवढ्या जाडीच्या असून गाडीच्या पोटाखालून मागच्या चाकांपर्यंत गेलेल्या असतात. पायानें दाबलेल्या पट्टीचा जोर त्यांतील द्रवामार्फत चाकांपर्यंत पोंचतो. एखादी नळी गंजून बारीक झालेली असते आणि रोजच्या हलक्या दाबाला ती टिकते. पण समोर अकस्मात् मूल आलें आणि चालकानें सारा जोर लावला, कीं नेमकी त्याच क्षणीं ती फुटते. अलीकडच्या गाड्यांत ब्रेकचे दोन स्वतंत्र भाग असल्यानें दुसरा भाग कामास येतो. तरी गाडी थांबावयास लागणारें अंतर वाढतें आणि तेवढ्या वाढलेल्या अंतरांत अनर्थ होऊं शकतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनानें अशा फुटलेल्या नळ्यांची चौकशी करून २०१५ सालच्या एप्रिल महिन्यांत मोटारमालकांस जाहीर इशारा दिला. हिवाळ्यांत आणि हिवाळा संपतांच गाडीचें पोट धुवा, नळ्यांची नियमित तपासणी करवा आणि गंज फार झाला असेल तर सर्व नळ्या एकदमच बदला, असें त्या इशाऱ्याचें सार होतें. ब्रिटनमध्यें तर जुन्या गाडीच्या वार्षिक तपासणींत पट्टे, ब्रेक, चाकांचे आधार इत्यादि महत्त्वाच्या भागांच्या जोडापासून ३० सेंटिमीटरांच्या आंत पत्रा फार गंजलेला आढळला, तर गाडी नापास ठरते.

कारखानदारांनींहि या बाबतींत बरीच प्रगति केली आहे. त्यांचा मुख्य आधार जस्त. हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञानें १८२४ सालीं असें दाखविलें, कीं जहाजाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचा किंवा लोखंडाचा तुकडा जोडला, तर समुद्राचें पाणी त्या तुकड्याला खातें आणि तांबें शाबूत राहतें. जस्ताचा मुलामा दिलेलें पोलाद याच तत्त्वावर टिकतें. ओरखडा पडून पोलाद उघडें झालें तरी शेजारचें जस्त स्वतः झिजून त्याला वांचवितें. पोर्शे कंपनीनें १९७० नंतरच्या दशकांत आपल्या ९११ या मोटारीस आणि ऑडी कंपनीनें १९८० नंतरच्या दशकांत आपल्या गाड्यांस असा मुलामा दिलेला पत्रा वापरण्यास आरंभ केला. आतां ती बहुतेकांची रीत झाली आहे. यावर सबंध सांगाडा रंगाच्या हौदांत बुडवून त्यांतून विजेचा प्रवाह सोडतात, म्हणजे ब्रश जेथें पोंचत नाहीं अशा सांदींतहि अस्तराचा रंग बसतो. कांहीं गाड्यांत ब्रेकसाठीं तांबें आणि निकेल यांच्या मिश्रधातूच्या नळ्या असतात. त्यांना मीठ सहसा बाधत नाहीं. तथापि जस्त हें झिजूनच रक्षण करतें, त्यामुळें तें केव्हां तरी संपावयाचेंच. पुढचें रक्षण मालकाच्या हातीं राहतें.

तें कसें करावें? आपल्या घरांतील जुन्या बायकांनीं लोखंडी विळीवर कैरी चिरल्यावर ती तशीच ठेवली असें कधीं झालें नाहीं. ती धुवावयाची, कोरडी पुसावयाची आणि पात्याला तेलाचें बोट लावावयाचें. मोटारीची निगा याहून निराळी नाहीं.

प्रथम धुणें. हिवाळ्यांत आठ-दहा दिवसांनीं, तपमान शून्याच्या वर असेल असा दिवस पाहून, गाडीचें पोट आणि चाकांच्या कमानी खालून जोरदार पाण्यानें धुवाव्या. वरचा पत्रा चकचकीत करून पोट तसेंच ठेवणें म्हणजे तोंड धुऊन पाय चिखलांत ठेवण्यासारखें आहे. धुलाईच्या दुकानांत एकच पाणी पुन्हां पुन्हां वापरीत असतील, तर शेवटची धार तरी ताज्या पाण्याची असावी. वसंत ऋतु लागतांच एकदां संपूर्ण आणि सावकाश धुणें अगत्याचें आहे. कारण थंडींत मंदावलेला गंज ऊब मिळतांच वेग घेतो.

दुसरें कोरडें ठेवणें. दारांच्या आणि पाटांच्या तळाशीं पाणी निचरण्यासाठीं बारीक भोंकें असतात. तीं पाचोळ्यानें आणि चिखलानें बुजतात. काडी घालून तीं मोकळीं ठेवावीं. जोड्यांबरोबर आंत आलेलें खारट हिम सतरंजींत मुरतें आणि तळाचा पत्रा आंतूनहि कुजतो. यास्तव हिवाळ्यापुरत्या रबरी चटया घालून त्यांतील पाणी बाहेर ओतावें. बंद, दमट आणि ऊबदार खोलींत मिठानें माखलेली गाडी ठेवणें तिच्या हिताचें नाहीं. बाहेरच्या कडक थंडींत गंजाची क्रिया मंद असते. उबेंत हिम वितळून ती रात्रभर चालूं राहते.

तिसरें तेल लावणें. हिवाळ्यापूर्वीं, गाडी स्वच्छ आणि कोरडी असतांना, तळाला आणि पोकळ भागांत गंजरोधक तेल, मेण किंवा लोंकरींतून निघणारें लॅनोलिन फवारावें. ब्रेकच्या चकत्यांवर, रबरावर आणि धुराच्या तापणाऱ्या नळीवर मात्र तें पडूं देऊं नये. तेल हळूहळू धुऊन जातें, म्हणून दर वर्षीं तें पुन्हां लावावें लागतें. पण तें सांध्यांत आपोआप पाझरतें, हा त्याचा मोठा गुण. डांबरासारखा जाड लेप टिकाऊ दिसतो. परंतु त्याला तडा गेला, तर खारें पाणी आंत शिरून तेथेंच कोंडलें जातें आणि वरून कांहींच दिसत नाहीं. खड्यांनीं उडालेला रंग मात्र तेलावर सोडूं नये. तेथील गंज पार घांसून, अस्तर देऊन तो रंगवावा.

पुण्या-मुंबईहून टोरांटो, शिकागो, डेट्रॉइट या बाजूंस शिकावयास किंवा नोकरीस जाणाऱ्या तरुणांची पहिली मोटार पुष्कळदां कोणी वापरलेलीच असते. ती घेतांना वरच्या रंगाला भुलूं नये. गाडी उचलून धरावयास सांगून तिचें पोट दिव्यानें पाहावें. ब्रेकच्या नळ्यांवर फुगीर पापुद्रे आहेत कीं काय तें जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावें. जुन्या गाडीच्या तळाला नुकताच काळा लेप दिलेला दिसला, तर त्याखालीं काय झांकलें आहे असें अवश्य विचारावें.

रस्त्यांवरचें मीठ इतक्यांत बंद होणार नाहीं, कारण तें दर हिवाळ्यांत अनेकांचे प्राण वांचवितें. विहिरी व तळीं खारट होऊं लागल्यामुळें तें मोजून टाकण्याचे प्रयत्न चालूं आहेत. तरी बर्फ आहे तोंवर मीठ राहीलच. एकाच मिठानें रस्त्यावर प्राण वांचवावे आणि ब्रेकच्या नळींत शिरून तेच धोक्यांत आणावे, यांतून सुटण्याची वाट फार खर्चाची नाहीं. वेळेवर धुणें, कोरडें ठेवणें आणि वर्षांतून एकदां तेलाचें बोट फिरविणें एवढें केलें, तर घरची विळी जशी एका पिढीकडून दुसरीकडे जाते, तशी मोटारहि पुष्कळ हिवाळे पाहते. आणि तींत बसणारी माणसें सुखरूप घरीं पोंचतात.