कॅनडात पीएच.डी. : कर्ज नव्हे, विद्यावेतन

४ जून १९१३ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. बदल्यात दहा वर्षे संस्थानची नोकरी. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. १९२० मध्ये स्वतःची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा गेले. पैसा कोण देणार, किती वर्षे आणि कोणत्या अटीवर, हे विद्वत्तेइतकेच महत्त्वाचे आहे, हाच यातील धडा होय.

बँकेत काम करताना आम्ही पाहतो, पालक सातबारा घेऊन येतात आणि म्हणतात, "साहेब, पोराला कॅनडाला पाठवायचंय." दलालाने मोठ्या फीचा अभ्यासक्रम सांगितलेला असतो. पीएच.डी.चा मार्ग वेगळा आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

कॅनडातील बहुतेक मोठी विद्यापीठे पीएच.डी.च्या प्रवेशाबरोबरच विद्यावेतनही देऊ करतात. ते तीन वाटांनी येते : विद्यापीठाची शिष्यवृत्ती, पदवीच्या वर्गांना शिकविण्यास मदत केल्याचा मोबदला आणि प्राध्यापकाच्या संशोधन अनुदानातून मिळणारी रक्कम. अशी अनुदाने मुख्यतः तेथील तीन केंद्रीय संस्था देतात. विज्ञान-अभियांत्रिकी, सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या, आणि आरोग्य अशी त्यांची क्षेत्रे आहेत. मात्र फी या रकमेतूनच भरायची असते. म्हणून "फी वजा जाता हाती किती, व किती वर्षे?" हे लेखी विचारावे.

विज्ञान शाखेत मार्गदर्शक आधी शोधावा लागतो. विभागाच्या यादीतून आपल्या विषयाचे प्राध्यापक निवडा, त्यांचे दोन तरी शोधनिबंध वाचा आणि मगच एक पानाचे पत्र लिहा. पन्नास जणांना एकच पत्र पाठवू नये. ते लगेच ओळखू येते. सप्टेंबरच्या प्रवेशाचे अर्ज बहुधा आदल्या डिसेंबर-जानेवारीत बंद होतात. म्हणून पत्रव्यवहार ऑगस्टपासूनच सुरू करावा. इंग्रजीची परीक्षा आणि नांदेडच्या विद्यापीठातून गुणपत्रकांच्या प्रमाणित प्रती यांनाही वेळ लागतो.

आपल्या सरकारच्याही दोन योजना आहेत. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ पैकी ११५ जागा अनुसूचित जातींसाठी असून उत्पन्नमर्यादा ८ लाख रुपये आहे. मात्र २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय त्यातून वगळले आहेत. जातीच्या प्रश्नावर संशोधन करू इच्छिणाऱ्या आपल्या मुलांना हा मोठाच अडसर आहे. त्यांनी राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची जाहिरात पाहावी. ती अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीच आहे. बौद्धांना केंद्राच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्यासाठी केंद्राच्या नमुन्यातील जातप्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे.

जुन्या माहितीवर विसंबू नये. २००८ मध्ये सुरू झालेली व्हॅनिए शिष्यवृत्ती, वर्षाला ५०,००० डॉलरची, अजूनही अनेकांच्या तोंडी आहे. पण ती आता बंद झाली आहे.

सभासद बंधू-भगिनींना विनंती, की ज्यांना इंग्रजी चांगले येते त्यांनी वर्षातून एका तरी विद्यार्थ्याचे पत्र तपासून द्यावे. त्याला काही खर्च येत नाही. आणि एखाद्या घराचा सातबारा त्याने वाचू शकतो.

जयभीम!