काळ, वेळ आणि हिशेब

१४ मार्च २०२५ची पहाट. आदल्या रात्री पेटलेल्या होळ्या विझत आल्या होत्या आणि धुळवडीचा दिवस उजाडावयाचा होता. अशा वेळी मुंबईहून अमरावतीकडे निघालेल्या एक्स्प्रेस गाडीने बोदवड रेल्वे स्थानकाजवळ रुळांवर आलेल्या एका ट्रकला धडक दिली. ज्या ठिकाणी हा ट्रक रुळांवर आला, तेथील जुने फाटक वाहतुकीस बंद झालेले होते आणि त्याऐवजी वाहनांसाठी उड्डाणपूल खुला होता. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. भुसावळ-बडनेरा मार्गावरील गाड्या काही तास खोळंबल्या आणि मग सारे पूर्ववत् सुरू झाले. अशा प्रसंगी मराठी माणसाच्या तोंडी एक वाक्य हमखास येते : ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती.’

वाचलेल्या माणसाच्या पाठीवर हात ठेवून म्हणावयास हे वाक्य फार चांगले आहे. परंतु रस्त्यावरील सुरक्षिततेसंबंधीचे मत म्हणून ते स्वीकारले की त्याची किंमत मोजावी लागते. कारण वेळ यावयाची असेल तर ती येणारच, असे एकदा ठरले म्हणजे उड्डाणपुलाचा वळसा घेणारा आणि बंद फाटकातून वाट काढणारा असे दोघेही सारखेच शहाणे ठरतात. बोदवडचा तो ट्रकचालक त्या वाटेने का गेला, हा तपासाचा विषय आहे. समाजाने विचार करावा असा विषय निराळा आहे. पूल बांधून झाला तरी मनातील जुने फाटक उघडेच राहते, ते का?

टपरीवरचे अर्थशास्त्र

मुक्ताईनगर-जामनेर रस्त्यावरील बोदवडसारख्या तालुक्याच्या गावी बसस्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर, गॅरेजच्या दारात किंवा वडापावच्या गाडीपाशी घटकाभर उभे राहिले की लोकमताचा एक नमुना ऐकावयास मिळतो. ‘एवढ्याशा अंतराला कशाला हवे हेल्मेट?’ ‘गाडी चालते आहे ना, मग चालू द्या, बंद पडली की बघू.’ ‘एका वड्याने काय होते?’ विषय तीन असले तरी मत एकच आहे. जो खर्च, जी गैरसोय आज डोळ्यांना दिसते ती खरी; जे संकट अजून दिसत नाही ते जणू नाहीच.

फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ फ्रेदेरिक बास्तिया याने १८५० साली लिहिलेल्या एका निबंधात अर्थव्यवहारातील ‘जे दिसते’ आणि ‘जे दिसत नाही’ यांचा भेद विशद केला होता. एखाद्याची खिडकीची काच फुटली की काचवाल्याला मिळालेले काम दिसते. काच फुटली नसती तर त्याच पैशांतून जी वस्तू आली असती, ती मात्र कोणालाच दिसत नाही. सुरक्षिततेचे तंतोतंत असेच आहे. हेल्मेटला दिलेले पैसे दिसतात. हेल्मेटमुळे जे डोके फुटले नाही, ते फुटणार होते याची पावती कोणी आणून देत नाही. न झालेल्या अपघाताची बातमी वर्तमानपत्रात येत नाही आणि घरच्या जमाखर्चातही त्याची नोंद होत नाही.

म्हणून सामान्य माणसाला अडाणी वा बेफिकीर ठरवून मोकळे होणे अन्यायाचे ठरेल. तो हिशेब करतच असतो. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा भर दुपारी डोक्यावर हेल्मेट चढविणे ही खरीखुरी यातना आहे. महिनाअखेरीस टायर बदलणे म्हणजे मुलाची फी पुढे ढकलणे, हेही खरे आहे. चूक असते ती हिशेब करण्यात नव्हे. वहीचे एक पान कोरे सोडण्यात.

कोरे पान भरून पाहू

ते पान भरून पाहण्यासारखे आहे. बोदवडहून निघून ३० किलोमीटर जाणारा मोटारसायकलस्वार ताशी ६० किलोमीटर वेगाने गेला तर त्याला अर्धा तास लागतो. ताशी ८० ने गेला तर साडेबावीस मिनिटे. म्हणजे नफा साडेसात मिनिटांचा. परंतु ब्रेक दाबल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे शाळेतील पदार्थविज्ञान सांगते. त्यामुळे या साडेसात मिनिटांसाठी ते अंतर पावणेदोन पटींहून किंचित अधिकच झालेले असते. आडव्या आलेल्या बैलगाडीपाशी अथवा शाळकरी मुलापाशी हा फरक एका आयुष्याएवढा ठरतो. वाचलेली साडेसात मिनिटे बहुधा टपरीवरच्या दुसऱ्या चहात जातात.

हेल्मेटचेही तसेच. दीड हजार रुपयांचे मानांकित हेल्मेट पाच वर्षे वापरले तर दिवसाला रुपयाहूनही कमी खर्च पडतो. त्याच्या बदल्यात काय मिळते? जगभरातील वैद्यकीय अभ्यासांच्या एका एकत्रित आढाव्यानुसार अपघातात सापडलेल्या दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका हेल्मेटमुळे सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मृत्युमुखी पडली; त्यांपैकी ५०,०२९ दुचाकीस्वार व त्यांचे सहप्रवासी हेल्मेटविना होते. एकट्या महाराष्ट्रात त्या वर्षी १५,२२४ जीव गेले. एवढ्या घरांत एका वर्षात ‘वेळ’ आली, असे म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे. पण मग निम्म्या वेळा तरी तिला आपणच आवतण धाडले होते काय, हेही विचारले पाहिजे.

मोटारीत बसणाऱ्यांची समजूतही फारशी वेगळी नाही. पुढच्याने पट्टा बांधावा, मागच्याला त्याची गरज नाही, असे सुशिक्षित कुटुंबांतही मानले जाते. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तेव्हा ते मागच्याच आसनावर होते आणि त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. महागड्या गाडीलाही पट्ट्याचे काम करता आले नाही.

गाडी आपली, संकट दुसऱ्याचे

गाडीच्या निगराणीचा प्रश्न याहून गंभीर आहे. हेल्मेट न घालणारा मुख्यतः स्वतःचे नुकसान करून घेतो. ब्रेकचे लायनर झिजलेले असताना ट्रक रस्त्यावर आणणारा मात्र नफा स्वतःकडे ठेवतो आणि धोका वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला वाटून टाकतो. एकाच्या व्यवहाराची किंमत व्यवहाराबाहेरच्या तिसऱ्यानेच चुकती करावी, या प्रकाराची मीमांसा केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली केली होती. खानदेशला तिचा प्रत्यय ४ जुलै २०२३ रोजी आला. त्या दिवशी धुळे जिल्ह्यातील शिरपूर तालुक्यात, मुंबई-आग्रा महामार्गावरील पळासनेरपाशी एक कंटेनर वाहनांना धडका देत रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसला. किमान दहा माणसे गेली. कंटेनरचे ब्रेक निकामी झाल्याचे सांगण्यात आले. तेथे थांबलेल्या माणसांचा त्या ब्रेकशी काहीएक संबंध नव्हता.

‘बंद पडली की बघू’ हे मत इंजिनाच्या बाबतीत फार तर खर्चिक ठरेल. ब्रेक आणि टायर यांच्या बाबतीत ते घातक आहे. बिघडलेले इंजिन गाडी थांबविते, बिघडलेला ब्रेक ती थांबू देत नाही. मोटारीच्या टायरवरील नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा आणि दुचाकीच्या बाबतीत ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी होऊ नये, असा नियम आहे. ती मोजावयास यंत्र लागत नाही. दर महिन्याला एकदा गाडीपाशी उकिडवे बसण्याची तयारी लागते. हवेचा दाब, ब्रेक, दिवे आणि टायर या चार गोष्टी पाहावयास पंधरा मिनिटे पुरतात. तेवढा वेळ गाडी धुऊनपुसून चकचकीत करण्यात मात्र आनंदाने घालविला जातो, कारण चकाकी दिसते.

कढईतील तेल

रस्त्याकडेच्या खाण्याची कथा याच सूत्रात ओवली जाते. झटपट खाणे हे काही परदेशातून आलेले खूळ नव्हे. दादरचा वडापाव १९६०च्या दशकातला आणि बोदवडवरून पूर्वेकडे जाणाऱ्या याच लोहमार्गावरील शेगावची कचोरी १९५० सालापासूनची. घाईत असलेल्या कष्टकऱ्याच्या पोटाला थोड्या पैशांत आधार देणारे हे पदार्थ आहेत. त्यांची कुचेष्टा करणे भरल्या पोटाचे लक्षण होय. प्रश्न पदार्थाचा नसून कढईतल्या तेलाचा आहे. तेच तेल पुन्हापुन्हा तापविल्याने त्यात अपायकारक द्रव्ये तयार होतात. अशा ध्रुवीय घटकांचे प्रमाण २५ टक्क्यांहून अधिक झाले की ते तेल वापरू नये, असा दंडक अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने १ जुलै २०१८पासून घातलेला आहे.

पण तेल ओतून देणे हा विक्रेत्याचा आजचा, दिसणारा तोटा आहे. गिऱ्हाइकाच्या धमन्यांत होणारे नुकसान वीस वर्षांनी उघड होईल. तेव्हा ते कोणत्या कढईतले हे कोण सांगणार? झिजलेला ब्रेक आणि काळवंडलेले तेल यांत तत्त्वतः भेद नाही. दोन्हींत बचत एकाची आणि झळ दुसऱ्याला. फरक इतकाच की एकाचा आवाज होतो, दुसऱ्याचा होत नाही. काळे, फेसाळणारे, धुरकट तेल पाहून पुढच्या गाडीकडे वळणारी गिऱ्हाइके गावात निघाली तर तेल ठेवणे महाग आणि टाकणे स्वस्त होईल. बाजाराला ही भाषा कोणत्याही फलकापेक्षा लवकर कळते.

झळ कोणाला?

या साऱ्याची अंतिम झळ कोठे पोहोचते, हे जळगाव जिल्ह्याने पाहिलेले आहे. फेब्रुवारी २०२१मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेला ट्रक उलटला आणि मालावर बसून घरी परतणारे पंधरा-सोळा मजूर त्याखाली दबून गेले. माल नेणाऱ्या वाहनावर बसू नये, हे त्यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? रात्रीच्या वेळी घरी पोहोचण्याचा दुसरा मार्ग त्यांच्या मजुरीत बसत नव्हता, हे अधिक संभवते. जागतिक बँकेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या एका अहवालासाठी महाराष्ट्रासह चार राज्यांतील अपघातग्रस्त कुटुंबांची पाहणी झाली, तीत ७५ टक्क्यांहून अधिक गरीब कुटुंबांनी अपघातानंतर उत्पन्न घटल्याचे सांगितले. पगारदाराच्या घरी अपघात म्हणजे रजा आणि वैद्यकीय बिल. मजुराच्या घरी अपघात म्हणजे कर्ज आणि मुलाची सुटलेली शाळा. म्हणून ‘ज्याचे नशीब त्याच्यापाशी’ हे मत सर्वांना सारख्या भावात पडत नाही.

नशिबाच्या सिद्धान्ताला उत्तर महाराष्ट्रातच आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसे मृत्युमुखी पडली होती. मग अपघातस्थळांचा अभ्यास झाला, उघड्या कठड्यांना व खांबांना संरक्षण दिले गेले, वेगावर नजर ठेवली गेली, जखमींना लवकर मदत मिळू लागली. २०२३पर्यंत त्या मार्गावरील मृत्यू निम्म्याहून अधिक घटले. रस्ता तोच, घाट तोच, प्रवाशांच्या पत्रिकाही त्याच. नशीब जर कठडे बसविल्याने बदलत असेल, तर त्याला नशीब म्हणणे सोडून दिले पाहिजे.

आणखी एक मत बदलणे अगत्याचे आहे. जखमीला हात लावला की पोलिसांचे शुक्लकाष्ठ मागे लागते, या भीतीने रस्त्यावर घोळका जमतो आणि रक्त वाहत राहते. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी अशा मदतकर्त्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक ठरविली आणि २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातही तशी तरतूद झाली. मदत करणाऱ्यावर स्वतःचे नाव-गाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. ही गोष्ट शाळेच्या प्रार्थनेनंतर दोन मिनिटांत सांगता येण्यासारखी आहे.

शासनाने रस्ते नीट बांधावेत, परवाने व तपासण्या प्रामाणिकपणे द्याव्यात, एस.टी.च्या फेऱ्या वाढवाव्यात, म्हणजे मालावर बसण्याची पाळी कोणावर येणार नाही. हे सारे मागत राहिलेच पाहिजे. परंतु शासनाने पूल बांधल्यानंतरही पुलावरून जावयाचे की नाही, हा निर्णय शेवटी स्टिअरिंगवरचा हात करतो, आणि त्या हाताला वळण देते ते टपरीवरचे, घरातले, वर्गातले मत. शिक्षकाने स्वतः हेल्मेट घालून शाळेच्या फाटकात शिरावे, कारकुनाने पगाराच्या दिवशी टायर पाहावेत, विद्यार्थ्याने तिसऱ्याला मागे बसवू नये. यांतून दिसण्यासारखे काहीच घडणार नाही. संध्याकाळी सगळे आपापल्या घरी परततील, एवढेच.