नंबर मोठा, कॉर्निया पातळ? पर्याय आयसीएलचा

● काय आहे? डोळ्यातला रंगीत पडदा आणि नैसर्गिक भिंग यांच्या मधल्या जागेत बसवायचे मऊ, पातळ भिंग. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत नैसर्गिक भिंग काढतात. इथे ते तसेच राहते.

● कोणासाठी? साधारण २१ ते ४५ वयोगट, वर्षभर नंबर स्थिर. नंबर फार मोठा किंवा कॉर्निया पातळ असल्याने ज्यांना लेसिक (लेसरने नंबर घालवण्याची शस्त्रक्रिया) करता येत नाही, त्यांना विशेष उपयोगी.

● कोणी टाळावे? गरोदर व स्तनदा माता, काचबिंदूचे रुग्ण आणि डोळ्याचा पुढचा कप्पा उथळ असलेले.

● कसे करतात? थेंबांनी डोळा बधिर करून सुमारे ३ मिलिमीटरचा छेद घेतात. त्यातून घडी केलेले भिंग आत सरकवतात. ते उलगडले की त्याचे चारही कोपरे रंगीत पडद्यामागे बसवतात. टाका सहसा लागत नाही.

● धोके : डोळ्यातला दाब वाढणे, जंतुसंसर्ग, लवकर मोतीबिंदू, रात्री दिव्यांभोवती वलये.

● लक्षात ठेवा : गरज पडल्यास भिंग काढता येते. चाळिशीचा चष्मा मात्र टळत नाही. मोठ्या उणे नंबरात दृष्टिपटल सुटण्याचा धोका शस्त्रक्रियेनंतरही राहतो. म्हणून चष्मा सुटला तरी दरवर्षीची तपासणी सोडू नका.