मे महिन्यातलं उड्डाण, पहाटेपासून

पहाटे ४.३०. विदर्भात उन्हाळ्यात विमान शिकवायचं तर दिवस अंधारातच सुरू करावा लागतो. नऊनंतर हवा उसळते आणि छोटं विमान हेलकावे खाऊ लागतं. मी मूळचा दारव्ह्याचा, फ्लाइंग इन्स्ट्रक्टर. आज माझ्यासोबत घाटंजीकडचा एक मुलगा आहे.

५.१५. ब्रेथ अ‍ॅनालायझर, हवामान, ब्रीफिंग. मुलाचे डोळे लाल आहेत. "झोप झाली?" "झाली, सर. जमते मले." झोप झालेली नाही, हे दिसतंय. व्यावसायिक परवान्याला २०० तासांचं उड्डाण लागतं, खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो आणि वावर गहाण पडलेलं असतं. अशा पोराच्या तोंडून 'आज नको' निघत नाही. त्याला दुसऱ्या फेरीत टाकलं आणि झोपायला पाठवलं.

५.४५. पहिल्या फेरीची विद्यार्थिनी विमानाभोवती फिरून तपासणी करते आहे. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण काम रोजचंच असतं. टाकी अर्धी राहिली की रात्री आत दव धरतं. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. ते काढून टाकलं नाही तर इंजिन उड्डाणानंतर, अगदी कमी उंचीवर, बंद पडू शकतं. म्हणून तळातलं इंधन पारदर्शक नळीत घेऊन उजेडासमोर धरायचं. रंग निळा हवा आणि खाली थेंब दिसता कामा नये. वेग मोजणाऱ्या पिटो नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, तेही बघायचं. चेकलिस्ट पाठ आहे म्हणणाऱ्याला मी विमानात बसू देत नाही. ती बोट ठेवून वाचावी लागते.

७.३०. आता तो मुलगा, झोप काढून आलेला. सर्किट म्हणजे उडायचं, धावपट्टीला वळसा घालायचा आणि उतरायचं. शेवटच्या वळणाला त्याला उशीर झाला. धावपट्टी बाजूला सरकताना दिसली, तसं त्यानं विमान जास्त कलवलं आणि नाक वर ओढलं. जगभर कित्येक शिकाऊ वैमानिक याच वळणावर गेले आहेत. ज्या वेगाखाली पंखांची उचल तुटते आणि विमान कोसळू लागतं, तो स्टॉलचा वेग. ४५ अंश कलून उंची टिकवायला गेलं की हा वेग जवळपास २० टक्क्यांनी वाढतो, आणि इथे स्टॉल झाला तर सावरायला खाली उंचीच नसते. "आय हॅव कंट्रोल," मी म्हणालो. त्यानं हात सोडले आणि "यू हॅव कंट्रोल" असं मोठ्यानं उच्चारलं. हे उच्चारणं सक्तीचं आहे, नाहीतर दोघेही दांडा धरून बसतात किंवा कुणीच धरत नाही. पुढच्या फेरीत विमान जमिनीवर आपटून उसळलं. त्यानं स्वतःहून पॉवर दिली आणि वर निघाला. आजचं त्याचं सगळ्यात चांगलं उड्डाण हेच.

९.३०. "सर, अजून एक फेरी?" नाही, ऊन चढलंय. यवतमाळची भारीची धावपट्टीच घ्या. ती समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० फुटांवर आहे. पण ४५ अंशांच्या दुपारी तिथली हवा पाच हजार फुटांवर असावी इतकी विरळ होते, म्हणजे महाबळेश्वरापेक्षा उंच. धाव लांबते आणि चढण मंदावते.

११.००. हँगरच्या सावलीत नकाशे. एकट्यानं लांब जाताना खुणा जमिनीवर शोधाव्या लागतात. अरुणावती, बेंबळा ही धरणं नकाशावर मोठी निळी दिसतात. मेमध्ये पाणी आटून आकारच बदलतो आणि पोरं भलत्याच तलावाला ओळखीचा समजतात. रस्ता चुकला तर वर चढून रेडिओवर सांगा, पाटी वाचायला खाली उतरू नका. एप्रिल २०१७ मध्ये गोंदियाच्या विमान प्रशिक्षण शाळेचं विमान वैनगंगेवरच्या तारेला धडकलं. प्रशिक्षक आणि विद्यार्थिनी दोघेही गेले.

५.३०. संध्याकाळी कुणीतरी फुलसावंगीचा विषय काढतं. महागाव तालुक्यातला तो वेल्डर तरुण घरीच हेलिकॉप्टर बनवत होता. ऑगस्ट २०२१ मध्ये चाचणी घेताना पंख्याचं पातं डोक्याला लागून तो गेला. हात कुशल होते, जिद्द होती. 'थांब' म्हणणारा जाणकार शेजारी नव्हता, याचं मला फार वाईट वाटतं.

८.००. वसतिगृहात घरचे फोन. "किती तास झाले रे?" हा प्रश्न प्रत्येक खोलीतून ऐकू येतो. आईवडिलांनो, काळजीपोटीच विचारता, कळतं. पण तुमचं पोर विमान शिकत असेल, तर आधी झोप झाली का विचारा. आणि एखाद्या दिवशी ते 'आज मी उडालो नाही' म्हणालं, तर त्याला शाबासकी द्या.