पाणपक्ष्यांचे छायाचित्रण

शरद ऋतूत आकाश निरभ्र होते, तळ्यांचे पाणी निवळते आणि उत्तरेकडील थंड प्रदेशांतून पाहुणे पक्षी येऊ लागतात. नाशिक जिल्ह्यात निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा या नद्यांच्या संगमापाशी नांदूर मध्यमेश्वर हा उथळ जलाशय आहे. २०१९ साली त्यास रामसर या आंतरराष्ट्रीय करारान्वये महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला. महाराष्ट्रात हा मान त्यासच प्रथम लाभला. केशरी रंगाचा चक्रवाक, चपट्या चोचीचा थापट्या, कपाळी पांढरा टिळा असलेला वारकरी असे नाना पक्षी येथे दिसतात.

त्यांचे छायाचित्र घेणाऱ्याने सकाळी लवकर पूर्वेकडील काठावर जाऊन बसावे. सूर्य पाठीशी असला म्हणजे पिसांचे रंग खुलतात. कॅमेरा पाण्यालगत ठेवला म्हणजे दूरचा देखावा धूसर होऊन पक्ष्याची आकृती उठून दिसते.

या कलेत घाई उपयोगी पडत नाही. चक्रवाक तर हिमालय ओलांडून येतो. प्रवासात अंगातील चरबी खर्ची पडते. ती भरून काढण्यासाठी पक्ष्यांना निवांत चरणे व विसावा घेणे आवश्यक असते. टाळी वाजवून थवा उडविला, तर चित्र मिळते खरे; परंतु पक्ष्यांनी मिळविलेली शक्ती व्यर्थ जाते. पक्षी चरणे थांबवून मान ताठ करू लागला, की तो भ्याला असे समजावे आणि हळूच मागे सरावे. ज्या चित्रातील पक्षी निःशंकपणे चरत असतो, तेच चित्र उत्तम होय.