कंदलामाच्या वेलींमागे

श्रीलंकेतलं कंदलामा हॉटेल आर्किटेक्चरच्या बहुतेक विद्यार्थ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं. मागे कडा, पुढे तलाव, मधली इमारत वेलींत बुडालेली. त्याचे वास्तुकार जेफ्री बावा हे नावही सगळ्यांना पाठ. पण आमच्या धंद्यातली माणसं गप्पांना बसली की या हॉटेलच्या ज्या गोष्टी निघतात, त्या फोटोत नसतात.

पहिली गोष्ट जागेची. १९९१च्या सुमारास एटकेन स्पेन्स कंपनीने बावांना बोलावलं, ते कंदलामासाठी नव्हेच. कंपनीच्या मनात सिगिरियाच्या पायथ्याची जागा होती. पाचव्या शतकात कश्यप राजाने ज्या खडकावर महाल उभारला, त्या जागतिक वारसास्थळाच्या अगदी जवळ! हॉटेलवाल्याला याहून मोक्याची जागा कुठली? सत्तरी ओलांडलेल्या बावांनी ती पाहिली आणि साफ नाकारली. त्याऐवजी त्यांनी काही मैल दूरचा, कंदलामा तलावाकाठचा कडा सुचवला. एवढं मोठं काम हातात असताना गिऱ्हाइकाला नाही म्हणणं किती जड जातं, हे या व्यवसायात वावरलेल्यालाच कळेल. कंपनीने मात्र ऐकलं. पायथ्याशी ज्या खडकाकडे मान मोडेस्तोवर वर पाहावं लागलं असतं, तो आज कंदलामाच्या पाहुण्यांना तलावापलीकडे, जंगलाच्या माथ्यावर अख्खा दिसतो.

जागा बदलली म्हणजे वाद टळला, असं मात्र झालं नाही. जवळच्या दांबुल्ल्याचे बौद्ध भिक्खू, पर्यावरणवादी आणि गावकरी विरोधात उतरले. हा तलाव साधासुधा नाही. कोरड्या प्रदेशातली शेती अशा प्राचीन तलावांवर जगते. हॉटेलचं सांडपाणी त्यात गेलं तर? जंगलाचं काय? बावांच्या चाहत्यांना हे आंदोलन अडाणीपणाचं वाटतं. मला तसं वाटत नाही. ते प्रश्न रास्त होते आणि बेटावरच्या प्रत्येक बांधकामाला ते विचारायलाच हवेत. हॉटेल झालं, पण सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते बागेला देण्याची व्यवस्थाही झाली. जंगलाचा घात करणार म्हणून जी इमारत बदनाम होती, तीच पुढे अमेरिकेबाहेर ‘लीड’ हे हरित मानांकन मिळवणाऱ्या पहिल्यावहिल्या हॉटेलांत गणली गेली.

जवळपास किलोमीटरभर लांबीची इमारत लपवायची कशी? बावांनी ती कड्याच्या वळणाने वळवली. गाडी चढावर येते आणि समोर भव्य दर्शनी भाग नसतोच. गुहेच्या तोंडासारखं प्रवेशद्वार आणि पुढे खडकाला वळसा घालणारी वाट. पंचतारांकित हॉटेलात शिरलेल्या माणसाला आधी दगड भेटतो, मग एकदम तलाव. मोठाले खडक सुरुंग लावून उडवले नाहीत. त्यामुळे आजही काही ठिकाणी मूळ कातळ आत डोकावतो आणि भिंत त्याला वाट देते.

सगळ्यात जास्त वाद रंगतो तो काँक्रीटवरून. निसर्गस्नेही म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे माती, बांबू आणि झावळ्या येतात. कंदलामाचा सांगाडा मात्र सरळसरळ आरसीसीचा, म्हणजे सळया घातलेल्या काँक्रीटचा आहे. बावांना लाकूड-कौलाचं वावडं होतं म्हणावं, तर त्यांची आधीची कितीतरी कामं कौलांचीच. इथे प्रश्न उताराचा होता. खांबांवर उचललेली इमारत जमिनीला मोजक्या ठिकाणीच टेकते. कड्यावरून येणारं पावसाचं पाणी खालून निघून जातं, जनावरांनाही वाट मोकळी राहते. डोंगर कापून सपाट केलेल्या जागेवर मातीची टुमदार घरं बांधली असती, तर फोटो गोड आले असते आणि उतार कायमचा गेला असता.

१९९४ साली हॉटेल सुरू झालं तेव्हा वेली अजून चढायच्या होत्या. उघडंबोडकं काँक्रीट पाहून टीकाकारांना आयता पुरावाच मिळाला. पण वेलींना चढायला इमारतीच्या बाहेरच्या अंगाला लाकडी चौकटी होत्या आणि सपाट छपरांवर हिरवळ धरली होती. झाकलं जाणं आराखड्यातच होतं. नंतर सुचलेली सजावट नव्हे. आज माकडं त्या हिरव्या पडद्यावरून बाल्कनीत उतरतात, आणि दार बंद ठेवायची सूचना पाळावी लागते ती पाहुण्यांना.